तांबडा दांडा

मी एक जुनी स्टेशन वॅगन आहे. लांब पाठीची, डिझेलवर चालणारी. एरवी माझी मागची दोन चाके जोर लावतात. पण बैठकीजवळचा तांबड्या गोळ्याचा दांडा ओढला, की चारही चाके एकदम जोर लावतात आणि मी चिखलातून बाहेर येते. मित्रांनो, या दांड्यासाठीच मला विकत घेतले होते.

परतवाड्याच्या वरच्या अंगाला भगवंतरावांचे गाव आहे. पावसाळ्यात काळी माती फुगते, पांदणीची वाट बंद होते आणि गाव तुटते. म्हणून एकोणीसशे अठ्ठावन्न साली भगवंतरावांनी मला अमरावतीहून आणले. विकणाऱ्याने बजावले होते, की दांडा अधूनमधून ओढत जा, त्याच्या सांध्यांना तेल द्या.

पहिल्याच दसऱ्याला माझी पूजा झाली. दांड्याचा तांबडा गोळा शेंदूर लावलेल्या देवासारखा दिसला, म्हणून भगवंतरावांनी त्याला हळदीचा धागा बांधला. त्यानंतर त्याला कोणी हात लावला नाही. चिखलाने रंग जाईल, म्हणून पावसाळ्यात मी गोठ्याशेजारच्या छपरीत उभी असे. उन्हाळ्यात मात्र अकोल्यापर्यंतच्या लग्नांना जाई आणि लोक माझे कौतुक करीत. भगवंतरावांची बायको मनकर्णाबाई एकदा म्हणाल्या, "गाडी हाय का देवघर? चप्पल काढून बसा लागते." सगळे हसले. मलाही तेव्हा ते गोड वाटले.

साठ सालच्या श्रावणात त्यांची सून कौशल्या बाळंतपणात अडली. तिचा नवरा नागपूरला होता. सुईणीने हात टेकले आणि दवाखान्यात न्यायला सांगितले. भगवंतरावांनी मला प्रथमच पावसात काढले. पांदणीत माझी मागची चाके रुतली आणि जागच्या जागी फिरत राहिली. पुढची दोन नुसती उभी होती. भगवंतरावांनी आधी हात जोडले, मग धागा तोडला आणि दांडा ओढला. आत सगळे गंजून एकजीव झाले होते. दांडा हलला नाही. त्यांनी पुन्हा ओढला. मी आतून किती धडपडले, ते कोणाला कळणार?

मागच्या बाकावरून कौशल्या सासऱ्यांना हळूच म्हणाली, "मामाजी, गाडी राहू द्या. बैल बलवा."

बैलगाडी आली. तीच तिला घेऊन गेली. कौशल्या वाचली. बाळ मात्र रडलेच नाही.

पुढे ओट्यावर बसून भगवंतराव लोकांना सांगत, "इलायती गाडी हाय, आपल्या मातीले नाही चालत." कोणी मान हलवी, कोणी चहा पिई. दांड्याचे नाव कोणी काढले नाही.

त्या दसऱ्याला मनकर्णाबाईंनी पूजेचे ताट कौशल्येच्या हाती दिले. ती माझ्यासमोर उभी राहिली. मग ताट तसेच घेऊन गोठ्यात गेली आणि बैलांच्या कपाळाला तिने कुंकू लावले. भगवंतरावांनी विचारले, "काहून वो, गाडीले नाही लावलं?"

"बैलायनं नेलं मले," ती म्हणाली.

मला तिचा राग आला नाही. ती खरेच बोलली होती.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे यंत्र असेल तर त्याला चिखलात जाऊ द्या, त्याचा रंग उडू द्या. त्याच्या सांध्यांना तेल द्या. माझ्या टपावर आता कोंबड्या बसतात. दांडा अजून गंजलेलाच आहे. त्याच्यावरचा धागा मात्र भगवंतराव दर दसऱ्याला नवा बांधतात.