सुबरावांची हिंदुस्थानी

वडगावच्या विणकरांत हिंदुस्थानी यायची ती एकट्या सुबरावांना. कॅम्पातल्या बंगल्यांवर चादरी विकता विकता ती जिभेवर बसली होती, आणि चार माणसांत ते ती हौसेने बोलून दाखवत. त्यामुळे बाळंतीण सून अंजनी तापाने फणफणली तेव्हा कॅम्पातल्या डॉक्टरीणबाईंकडे तिला कुणी न्यायचं, हा प्रश्नच पडला नाही.

बाई विलायतेच्या. मराठी येत नव्हती, कानडीही नाही. मोडकीतोडकी हिंदुस्थानी तेवढी. बायकांचं बोलणं त्यांना समजावून देणारी बाळाबाई नेमकी बोरगावला माहेरी गेलेली.

गाडीतून उतरताना मालुबाईने नवऱ्याला, सुबरावांना, बाजूला घेतलं. "पोरीच्या अंगावरनं जातंय त्याला लई घाण वास येतोय. कापड हातात धरवत न्हाय. तेवढं बाईंच्या कानावर घाला."

"मी सांगू?"

"मग काय बैलांनी सांगायचं?"

आत पडदा होता. पलीकडे बायका, अलीकडे सुबराव, भिंतीकडे तोंड करून. ते घरात आले की अंजनी पदर ओढून आत जायची. लग्नाला चार वर्षं झाली तरी सुनेचा आवाज त्यांनी धड ऐकला नव्हता.

"दर्द कहाँ है?" बाईंनी विचारलं.

"कुठं दुखतंय, विचार तिला," सुबराव बायकोला म्हणाले.

कुजबूज झाली. "ओटीपोटात," मालुबाई म्हणाली.

"पेट में, मेमसाब."

बाईंनी पोट दाबून पाहिलं. पलीकडून हूं की चूं आलं नाही. मामंजी ऐकतील म्हणून पोरीने पदराचा बोळा दातांत धरला होता, हे मालुबाईने नंतर सांगितलं.

"जचगी के बाद खून? बदबू?"

शब्द सुबरावांना ठाऊक होते. चादरीच्या खळीला बदबू येते म्हणून गोऱ्या बायका रोज भाव पाडायच्या. पण सुनेच्या अंगाचं, परक्या बाईपुढे, सासऱ्याने बोलायचं? त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"सब ठीक है, मेमसाब. सिर्फ बुखार."

बाईंनी हिवतापाचं कडू औषध दिलं. बाहेर बायकांची रीघ लागली होती.

"सांगितलंसा न्हवं?" गाडीत मालुबाईने विचारलं.

"व्हय."

दोन दिवसांनी अंजनीचे दात थंडीने कडाकडा वाजू लागले, ती बरळू लागली. पुन्हा गाडी जुंपली. दवाखान्याच्या ओट्यावर उतरवताना तिचा पदर घसरला आणि तिने थेट सासऱ्याकडे पाहिलं.

"मामंजी, आत सडलंय वो माझं. काळं जातंय. गाठी पडत्यात. वास बगा की वो..."

या वेळी सुबराव पडद्याअलीकडे थांबले नाहीत. खाटेशी उभं राहून त्यांनी सुनेचा शब्द न शब्द हिंदुस्थानीत सांगितला, ओटीपोट स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवलं. कशाची लाज धरली नाही. बाई नाडी धरून ऐकत राहिल्या.

"उस दिन क्यों नहीं बोला?" त्या म्हणाल्या. "उसी दिन अंदर साफ करती. अब जहर खून में गया."

"काय म्हणत्यात वो?" मालुबाईने विचारलं.

"आता अवघड हाय म्हणत्यात."

"एवढंच? लई बोलल्या की त्या."

"त्या दिशी वासाचं कळलं असतं तर, म्हणत्यात."

"तुम्ही सांगितलं व्हतंसा की."

मालुबाईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग ती खाटेवर सुनेला टेकून बसली.

"भायेर व्हा," ती म्हणाली.