डोंगर विसावण्याच्या तयारीत

महाडच्या सुवचन कक्षात अनुपमाचं काम एवढंच होतं, की लोकांनी आणलेले अर्ज सरकारमान्य शब्दांत पुन्हा लिहून काढायचे. सुवचन कायदा येऊन आठ वर्षं झाली होती. कक्षाच्या भिंतीवर यादी लावलेली होती. डावीकडे बंद केलेले शब्द, तेही काळ्या शाईने खोडलेले. ज्याला आठवत असेल त्यानेच ओळखायचे. उजवीकडे नवे शब्द. पूर आता 'जलभेट' झाला होता. भीतीला 'उत्सुकता' म्हणायचं. पहिल्याच पावसाळ्यात एक वाडी डोंगराखाली गेली, त्यानंतर 'दरड' खोडली गेली आणि 'डोंगर विसावला' असं लिहायचा हुकूम आला. छताखाली एक पांढरी डबी होती. लोक तिला कान म्हणत. तिचा दिवा हिरवा असला की ठीक.

श्रावण संपत आला होता. सलग अकरा दिवस पाऊस लागून होता. त्या मंगळवारी कापड्याच्या वरच्या वाडीतला महिपती भिजलेल्या घोंगडीनिशी तिच्या टेबलापुढे येऊन बसला.

"बाय, आमच्या मागच्या डोंगराला भेग पडलीय. हात घालशील तर कोपरापर्यंत जातो. झऱ्याला तांबडं पाणी येतंय. गुरं गोठ्यात उभी राहत नायत. साहेबाला सांग, आमाला खाली हलवा."

अनुपमाने यादीकडे न बघताच लिहिलं. आठ वर्षांत हाताला सवय झाली होती. लिहून तिने त्याला वाचून दाखवलं. "वरच्या वाडीमागील डोंगर विसावण्याच्या तयारीत असून ग्रामस्थ अत्यंत उत्सुक आहेत."

महिपतीने कागदावर बोट ठेवलं. "ह्यात आमचं काय हाय गो? दरड येतेय, दरड. ता लिही."

दिवा पिवळा झाला. शेजारच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलं, पण कुणी मान वर केली नाही. आतल्या केबिनमधून कक्षप्रमुख हर्षद साहेब बाहेर आले. तरुण होते, कधी आवाज चढवत नसत. त्यांनी अर्ज उचलून वाचला.

"छान लिहिलंय, मॅडम. आनंदवार्तांच्या फायलीत लावा." मग महिपतीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, आत या. चहा घेऊ."

अनुपमा साडेपाचपर्यंत थांबली. महिपती बाहेर आला नाही. केबिनला मागच्या बाजूनेही दार होतं.

घरी तिने नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला. "ऋत्विक, कापड्याच्या वर डोंगर विसावणार आहे."

"बरं मग," तो ताटावरून मान वर न करता म्हणाला.

 तिला जे सांगायचं होतं ते त्या वाक्यात नव्हतंच, आणि दुसरं वाक्य तिच्याकडे तयार नव्हतं. तेवढ्यात बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. त्या गल्लीत जीप फक्त कक्षाचीच यायची. सात वर्षांची लेक श्रुतिका येऊन आईला घट्ट बिलगली. तिचं अंग थरथरत होतं.

"आई, मला खूप उत्सुकता वाटतेय," ती कुजबुजली.

जीप पुढे निघून गेली. अनुपमाने मुलीला जवळ घेतलं. या पोरीला दुसरा शब्द कधी मिळालाच नव्हता. उद्या हिच्या अंगावर काही कोसळायला आलं, तर ही काय म्हणून ओरडेल?

सकाळी ती कक्षात गेली नाही. पोलादपूरची एसटी धरली, तिथून कापड्यापर्यंत रिक्षा, आणि पुढे चढण पायी. वाटेवरचा ओढा गढूळ होता, तांबडालाल. वाडीत पोचली तेव्हा देवळापुढे लोक जमले होते. सरकारी भोंगा लावलेला होता. "आपला डोंगर विसावणार आहे. घरीच थांबा. आनंद साजरा करा." दोघीतिघी दारात रांगोळी काढत होत्या. मुंबईहून सुट्टीला आलेला रितेश मोबाइलवर डोंगराचा व्हिडिओ काढत होता.

महिपतीची बायको रंगूबाई ओट्यावर बसली होती. अनुपमा तिच्यापाशी गेली.

"काकू, काका आले का?"

"नाय. भाषेच्या शिबिराला गेल्यात म्हणून निरोप आला." रंगूबाईने तिला निरखून पाहिलं. "तूच का गो ती लिहिणारी?"

अनुपमाने मान खाली घातली. भोंग्याच्या खांबावरही कान होता, हिरवा. तिने तोंड उघडलं आणि तिला कळलं, की शब्द येत नाहीये.  डोळ्यांपुढे श्रुतिका आली, महिपतीची रिकामी खुर्ची आली, केबिनचं मागचं दार आलं. ती परत फिरली असती तर कुणी तिला काही विचारलं नसतं. दुपारच्या एसटीने ती घरी पोचली असती.

"दरड," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला. मग देवळाच्या पायरीवर चढून तिने पुन्हा सांगितलं, "दरड येतेय. विसावणं वगैरे काही नाही. डोंगर अंगावर येणार, घरं गाडली जाणार, माणसं मरणार. खाली चला."

दिवा लाल झाला.  पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना शब्द कळला नव्हता. म्हाताऱ्यांना कळला. एकाने कानांवर हात ठेवले. रितेश म्हणाला, "ताई, पागल झाल्या का? सगळ्यांना उचलतील."

रंगूबाई उठली. गोठ्यात गेली, गुरांची दावी सोडली आणि त्यांच्या मागोमाग उतरणीला लागली. तिच्यामागे तिची शेजारीण निघाली, मग एक एक घर. सगळ्यात शेवटी रितेश आईला पाठीवर घेऊन उतरला. भोंगा वर ओरडतच होता.

चार वाजता, सगळे कापड्याच्या शाळेत असताना, वरून आवाज आला. जमीन पायाखाली हलली. पाऊस थोडा विरळ झाला तेव्हा दिसलं, देवळाचा कळस नव्हता, घरं नव्हती, वाडी होती तिथे तांबडा उतार होता. बेचाळीस माणसं उघड्या व्हरांड्यात उभी राहून बघत होती. कुणीही त्याला नाव दिलं नाही.

जीप संध्याकाळीच आली. हर्षद साहेब स्वतः आले होते. त्यांनी पंचनाम्याचा कागद काढला.

"मॅडम, वर तुम्ही कोणता शब्द उच्चारलात?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला तो लिहिता येत नाही," ते शांतपणे म्हणाले. तो रकाना त्यांनी कोरा ठेवला आणि खाली तिची सही घेतली. मग शाळेकडे बघून म्हणाले, "ही माणसं सहलीला आली होती. तसंच लिहिलंय."

त्यांनी तिला वीर स्टेशनच्या पलीकडच्या भाषेच्या शिबिरात नेलं. पत्र्याची लांबट शेड, बाकं, प्रत्येक बाकावर एक कान. पहिल्याच दिवशी जेवणाच्या रांगेत तिला महिपती दिसला. घोंगडी गेली होती. अंगात स्वच्छ पांढरा सदरा होता. ती त्याच्या बाकापाशी जाऊन बसली.

"काका, वाडी गेली. पण माणसं सगळी वाचली. रंगूबाई सुखरूप आहे. गुरंसुद्धा."

महिपतीने घास तोंडात ठेवला, सावकाश चावला.

"डोंगर विसावला," तो म्हणाला. "आनंदाची गोष्ट आहे."

'आहे' म्हणाला. 'हाय' नाही. अनुपमाने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. पहारेकरी चार हातांवर उभा होता, म्हणून तो तसं बोलला की त्याच्यापाशी आता दुसरं काही उरलंच नव्हतं, हे तिला काही केल्या ओळखता येईना. त्याने ताट उचललं आणि रांगेने निघून गेला. तेवढ्यात घंटा झाली, आणि पहारेकऱ्याने तिला भाषेच्या पहिल्या तासाला बोलावलं.