जंतूंचं माहेरपण

सृष्टीतला प्रत्येक जीव, मग तो सम्राट असो की सूक्ष्मजंतू, मोठ्या धक्क्यानंतर तासभर विसावतो आणि त्या तासातच त्याचं पुढचं भवितव्य घडतं. हे महावाक्य मला सुचलं तेव्हा मी आगरदांड्याला चंद्राबाईच्या अंगणात, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात मांजर हाकलायची काठी धरून उभा होतो. तेवढ्यात मांजराने वाळत घातलेला बोंबील पळवला. महावाक्य मात्र त्याने हुंगूनसुद्धा पाहिलं नाही.

फोन माझा. बोंबील शेजारच्या चंद्राबाईचे. फोनमधली किशोरी, तीही चंद्राबाईचीच. बंगळूरला एका प्रयोगशाळेत ती जंतूंच्या पोटात नवी जनुकं घालते. चंद्राबाईचे हात कायम मासळीचे, म्हणून फोन धरायची नोकरी माझ्याकडे. उभी हयात वर्तमानपत्रात लोकांची टर उडवण्यात गेली. निवृत्तीनंतर ही बढती मिळाली.

किशोरीचं काम असं. जंतू बर्फात गार करायचे, मग क्षणभर गरम पाण्यात धरायचे, की लगेच पुन्हा बर्फात. या दणक्यात नवं जनुक आत शिरतं. मग त्यांना औषधाच्या थाळीवर पसरायचं. ज्यांनी जनुक घेतलं ते तगतात, बाकीचे संपतात. पण त्याआधी तासभर उबदार पेटीत ठेवायचं, चांगलंचुंगलं खायला घालायचं; औषधाशी झगडायचं बळ तेवढ्यात अंगात येतं. या तासात किशोरीचे हात रिकामे असायचे, म्हणून दुपारी तिचा व्हिडिओ कॉल.

चंद्राबाईने हे सगळं शास्त्र पहिल्याच दिवशी निकालात काढलं.

"म्हंजे पोरींना सासरी धाडायच्या आधी माहेरपण."

"पोरी नाहीत गो आये, जंतू."

"जेवल्या काय?"

"जेवतायत."

"निजल्या?"

"निजत नाहीत. पेटी सतत हलत असते."

"मंग पाळनाच की!"

तेव्हापासून रोज आधी पोरींची चौकशी, मग किशोरीची. किशोरी मान जरा वाकडी करून ऐकायची. तिची लाघवी सवय असावी, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

चंद्राबाईचं स्वतःचं माहेर खाडीपलीकडे, दिघीला. अंगणातून दिसतं. रोज दिसतं म्हणूनच जाणं होत नाही. बंगळूर दिसत नाही. तरी बोंबील उलटता उलटता ती दक्षिणेकडे बघत राहायची. त्या दिशेला बंगळूर आहे, हे तिला मीच सांगितलं होतं. खरं तर अंदाजाने.

त्या दुपारी पोरी नुकत्याच पाळण्यात गेल्या होत्या. तेवढ्यात किशोरीच्या मागून कोणा पोराचा आवाज आला. स्वराज म्हणून पुण्याचा एक जण तिच्यासोबत नव्याने लागला होता, तो.

"किशोरी, ॲम्पिसिलिनच्या थाळीला कशाला थांबतेस? डायरेक्ट पसर की! त्याला हा तास लागत नाही."

किशोरीने झटकन मागे पाहिलं. इकडे चंद्राबाईचा हात बोंबलावरच थांबला.

"काय म्हनतो तो?"

"काही नाही गो."

"थांबायचं कारन न्हाय, असं म्हनतो ना?"

नेटवर्क गेलं असेल म्हणून मी फोन हलवला. नेटवर्क होतं.

"आधीच्या औषधाला लागायचा तास," किशोरी म्हणाली. "दिवाळीपासून औषध बदललंय."

"मंग दिवाळीपासून त्या पोरींना फुकटचं झुलवतेस?"

"आये, माहेरपण त्यांचं नव्हतं गो."

चंद्राबाईने पदराने नाक पुसलं आणि मांजर नसलेल्या दिशेला "हड हड" केलं. मग आवाज चढवून म्हणाली, "सायब वरडला तं?"

"ओरडू दे."

"येशील कवा?"

"सुट्टी मिळाली की."

गेल्या गणपतीतही उत्तर हेच होतं. चंद्राबाईने एक बोंबील उलटला, तोच पुन्हा सुलटा केला.

"उद्या घालशील ना पोरींना पाळन्यात?"

"घालीन."

सम्राट आणि सूक्ष्मजंतूंवरचं ते वाक्य इथे शोभेल, असं वाटून मी खाकरलो.

"काका," किशोरी म्हणाली, "तुमच्याकडे एक मागायचंय. नाही म्हणू नका."

"माग बाळ. काय वाटेल ते माग."

"फोन जरा आयेकडे फिरवून धरत जा ना. दिवाळीपासून मला नुसतं तुमचं नाक दिसतंय."