राजीखुशीनं

सकाळचे सात वाजले होते. महानंदाने भाकरी तव्यावर टाकली, पोटावरचे टाके हाताने दाबून धरले आणि मग वाकून ती उलटली. आपली एक किडनी तिने नवऱ्याला, सोमेशला, दिली त्याला आज बावीस दिवस झाले होते. सोमेश घरी आला होता, पण नवी किडनी अजून कामाला लागली नव्हती. दिवसाआड डायलिसिस चालूच होतं. काहींची किडनी महिनाभरसुद्धा झोपून राहते, धीर धरा, असं डॉक्टरांनी चार वेळा बजावलं होतं.

पण धीर धरायचा कुणी? सासू चंद्रव्वा रोज लघवीचं माप बघे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणे, "मनापासून दिली असती तर आतापत्तूर चालली असती की." भेटायला येणारे दारातूनच सोमेशची चौकशी करत. महानंदाला कसं आहे, हे कुणी विचारत नव्हतं. ऑपरेशनला दहा दिवस होतात न होतात तोच नळाला पाणी आलं, तेव्हा सगळ्या घागरी तिनेच भरल्या होत्या.

खरं तर आधी तपासणी झाली होती ती धाकट्या दिराची, प्रभुची. त्याचं सगळं जुळत होतं. "त्येचं लगीन व्हायचंय," एवढंच चंद्रव्वा म्हणाली आणि विषय मिटला. घरात काही द्यायची वेळ आली की आपल्याकडे सगळ्यांचे डोळे आपोआप सुनेकडे वळतात, आणि त्याला आपण तिचा मोठेपणा म्हणून मोकळे होतो.

त्या दिवशी मंद्रूपहून महानंदाचे वडील रुद्रप्पा आले, बरोबर तिची धाकटी बहीण पायल, एकोणीस वर्षांची, कपड्यांची पिशवी घेऊन. बहीण आपल्या मदतीला आली असं वाटून महानंदाला भरून आलं. मग बाहेरच्या खोलीतून चंद्रव्वाचा आवाज आला.

"सायेब इचारत्याल, कुणाचा दबाव हाय का? काय म्हणशील?"

"न्हाय म्हणीन," पायल म्हणाली.

"मग किडनी कशी देतीस?"

पायल अडखळली. रुद्रप्पांनीच शब्द पुरवला. "राजीखुशीनं म्हण, बाळ."

हीच उत्तरं चंद्रव्वाने महानंदाकडून तीन दिवस घोटून घेतली होती, आणि किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या दवाखान्यातल्या साहेबांपुढे तिने ती न चुकता म्हटली होती. पिठाच्या हातानेच महानंदा बाहेर आली.

"आण्णा, हिला कशाला आणलंय?"

रुद्रप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "तुजी चालली न्हाय तर हिची तयार ठेवा म्हणत्यात. तुला माघारी धाडलं तर आमी काय करायचं?"

"धाडू द्या. पण हिच्या अंगाला कुणी हात लावायचा न्हाय. आन् आत्या, साहेबांस्नी मीच जाऊन सांगते, मी तितं खोटं बोलले म्हणून. मला कुणी इचारलंच न्हवतं, तर राजीखुशी कसली?"

"नवरा मरायला टेकलाय, आन् ही काय बोलती बघा," चंद्रव्वा म्हणाली.

"प्रभुभावजी हायती की."

प्रभुने मोबाईल खिशात घातला आणि चपला शोधू लागला. खाटेवरून सोमेश सारं ऐकत होता. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. महानंदाने पायलची पिशवी उचलली आणि दुपारच्या एसटीत तिला आपल्या हाताने बसवून दिलं.

सहा दिवसांनी लघवी वाढू लागली. हळूहळू रक्ताचे रिपोर्ट सुधारले, डायलिसिस थांबलं. देव पावला म्हणत चंद्रव्वाने गल्लीभर पेढे वाटले. महानंदाचं नाव त्यात कुठेच नव्हतं, आणि तिला माघारी धाडायची भाषाही मग कुणी काढली नाही.

सोमेश आता अंगणात चार पावलं चालतो. त्याच्या गोळ्या महानंदाच देते, घड्याळ बघून. त्याला तिला एक विचारायचं असतं: मी तेव्हा विचारलं असतं, तर तू हो म्हणाली असतीस का? ती पाण्याचा पेला पुढे करते. उत्तर नाही असं आलं तर, या भीतीने तो मुकाट्याने गोळी गिळतो.