न वाचलेल्या पुस्तकातली खूण

मित्रांनो, मी एक जुनी वाचनखूण आहे. हवं तर बुकमार्क म्हणा. माझी हकीकत सांगायला बसले आहे खरी, पण कुठे तोंड लपवू असं मला झालं आहे. कष्ट करून झिजलेल्या, सगळ्यांनी वाखाणलेल्या वस्तूंच्या हकिकती तुम्ही ऐकल्या असतील. ही तशी नाही.

माझा जन्म एका बाईंडरच्या टेबलावर झाला. जाडजूड रजिस्टरला चामडं लावून उरलेली पट्टी त्याने फेकली नाही. कडा घासून गुळगुळीत केल्या, एका टोकाला भोक पाडलं आणि लाल दोऱ्याचा गोंडा बांधला. त्याच्याकडे पुस्तकं बांधून घ्यायला येणाऱ्या एका तरुण शिक्षकाला त्याने मला देऊन टाकलं. "पानं दुमडत जाऊ नका, सर. पुस्तकाला दुखतं," म्हणाला. तेव्हापासून ते सर माझे धनी.

ते दिवस काय सांगू! सर अधाशासारखे वाचत. डबा खाताना वाचत, रांगेत उभ्या उभ्या वाचत. मी रोज तीस-चाळीस पानं पुढे सरकत असे. कादंबरी संपली की मला दोन बोटांत धरून ते शेवटचं पान पुन्हा एकदा वाचत. आवडली नाही, तर काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, भांडल्यासारखं सांगत, "शंभर पानं नुसतं पाल्हाळ लावलंय!" पण ती शंभर पानं त्यांनी वाचलेली असत. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

सर निवृत्त झाले आणि वाचनालयाच्या सेक्रेटरींनी त्यांच्यावर एक काम सोपवलं. दर महिन्याला पाच नव्या कादंबऱ्या वाचायच्या आणि प्रत्येकीवर चार ओळींचं मत लिहून फळ्यावर लावायचं. लोक ते वाचूनच पुस्तक नेत. औषधांचा दुकानदार तर म्हणायचा, "सरांनी नावं ठेवलेलं पुस्तक मी हातात धरत नाही." हे ऐकून सरांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पण डोळे थकले होते. दहा पानांत डुलकी लागायची आणि पुस्तक पोटावर उपडं पडायचं. "अहो, वाचताय की पुस्तकाला झोपवताय?" काकू विचारायच्या.

अशीच एक जाडी रहस्यकथा साठाव्या पानावर अडली होती आणि महिना संपत आला होता. सरांनी मला उचललं, शेवटच्या पानावर ठेवलं आणि लिहिलं, "उत्कंठा अखेरपर्यंत टिकते." कुणी पुस्तक उघडलंच, तर सरांनी ते पुरं केलं आहे असं वाटावं. खरं सांगते, मला तेव्हा लाज वाटली नाही. शेवटच्या पानावरची जागा मानाची असते. मी तिथे ऐटीत बसले.

मग ती सवयच झाली. गंभीर कादंबरी 'चिंतनशील', घरगुती कादंबरी 'हृदयस्पर्शी'. प्रेमाच्या विनोदी कादंबऱ्यांची तर सर तिसाव्या पानावरच बोळवण करत. त्यांच्यासाठी मत तयारच असे: "दोघं भेटतात, भांडतात, लग्न करतात. वेळ घालवायला बरी."

सरांच्याच इमारतीत तळमजल्यावर एका शिवणवाल्या ताईंचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की मशीनच्या टेबलावरच वही उघडून, दहा वर्षं लिहून, त्यांनी एक कादंबरी पुरी केली होती. प्रेमाचीच, हसवणारी. पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत त्यांनी सरांना आणून दिली. "दुसरी कादंबरी अर्धी लिहून झालीय, सर," त्या म्हणाल्या. "पण पुढे लिहू की सोडून देऊ, ते तुमचं मत वाचूनच ठरवणार. तुम्ही उगाच कुणाची भीड धरत नाही."

मी त्रेचाळिसाव्या पानावर होते, तेव्हा सरांनी मला उचललं.

शेवटच्या पानावर मला ठेवलं, म्हणून मला तिथला मजकूर कळला. नायिका ऐन वेळी लग्नाला "नाही" म्हणून हॉलबाहेर पडते. नायक तिला बस स्टॉपवर सोडायला जातो आणि तिथे दोघं छत्री कुणी धरायची यावरून भांडत बसतात. मी हे वाचत होते आणि सर लिहीत होते, "शेवट दहाव्या पानावरच कळतो. नेहमीचंच लग्न. वेळ घालवायला बरी." मी निसटून त्यांच्या मांडीवर पडले असते, तर कदाचित त्यांची नजर त्या पानावर गेली असती. मी पडले नाही.

दोन दिवसांनी ताई आल्या. रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सर, लग्न कुठे होतं हो?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे... तसं सुचवलंयच की तुम्ही," सर म्हणाले. "मी शेवटपर्यंत वाचलंय. ही बघा खूण."

त्यांनी मला पुढे केलं, साक्षीदार म्हणून.

ताईंनी पुस्तक हातात घेतलं आणि सवयीने कडेवरून अंगठा फिरवला. कापडात एक दोरा राहिला तरी त्या हाताला कळतो. अंगठा मध्येच थांबला. छापखान्यात कापताना कागद सरकला असावा. पासष्ट ते ऐंशी ही पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेलीच राहिली होती. ती कापल्याशिवाय वाचणं शक्यच नव्हतं.

ताईंनी पिशवीतून छोटी कात्री काढली. एकेक घडी नीट कापली, कागदाचा चुरा झटकला आणि पुस्तक सरांच्या हातात ठेवलं.

"आता वाचता येईल," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

काकू दारातच उभ्या होत्या. एरवी थट्टा करणाऱ्या काकूंनी भिंग आणून सरांच्या पुढ्यात ठेवलं, आणि तेच सरांना जास्त लागलं. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

सरांनी पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा धरलं, या वेळी भिंग घेऊन. दिवसाला जेमतेम आठ पानं व्हायची. एकशेदहाव्या पानावर ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. चोविसाव्या दिवशी पुस्तक संपलं. सरांनी फळ्यावरचं जुनं मत काढलं आणि नवं लावलं: "हे पुस्तक न वाचताच मी मत दिलं होतं. याआधीही पुष्कळदा दिलं आहे. आता वाचलं. गेल्या कित्येक वर्षांत मी इतका हसलो नव्हतो." मग तोच मजकूर कागदावर उतरवून, मला खिशात घालून, ते ताईंच्या दुकानात गेले.

त्यांनी तो ताईंना वाचून दाखवला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं वाटलं, सर," त्या म्हणाल्या.

"मग दुसरी कधी पुरी करताय?"

ताईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. कापड बेतायला ठेवतात तसे कागदाचे तुकडे खिळ्याला टांगले होते. बाह्या, कॉलर, खिसे. दुसऱ्या कादंबरीचीच पानं कापून केलेले; प्रत्येकावर त्यांचंच बारीक, तिरकं अक्षर. सरांनी एक बाही काढून उभ्यानेच वाचली. वाचता वाचता हसले. 'आणि मग ती त्याला म्हणाली' इथे कागद संपत होता.

"काय म्हणाली?" सरांनी लहान मुलासारखं विचारलं.

"पुढच्या पानाची कॉलर कापली, सर. ती नमुना म्हणून गिऱ्हाईक घेऊन गेलं," ताई म्हणाल्या. "आणि आता मलाही आठवत नाही."

मित्रांनो, पुस्तक अर्धवट सोडलंत म्हणून कुणी तुम्हाला फाशी देणार नाही. कंटाळा आला तर आला म्हणा, झोप लागली तर लागली म्हणा. पण जिथे थांबलात तिथेच मला राहू द्या. मधल्या पानावर बसायला मला मुळीच कमीपणा वाटत नाही. न वाचलेल्या पानांवरून मला उचलून पुढे मात्र ठेवू नका. ती त्याला काय म्हणाली, ते आता कुणालाच कळणार नाही.