मामाला पुरेल एवढी मोडतोड

माझ्या मामाला पाहुणा म्हणून नुसतं बसता येत नसे. तो जन्माचा फिटर. नोकरी संपली, पण ते त्याच्या हातांना कुणी कळवलंच नव्हतं. आमच्याकडे यायचा तेव्हा त्याच्या कपड्यांच्या पिशवीपेक्षा अवजारांची पिशवी जड असायची. घरात काही मोडकं असलं की स्वारी खूश. ते दुरुस्त झालं की लगेच चपला शोधायला लागायचा. "काम नसताना आयतं जेवण माझ्या घशाखाली उतरत नाही," म्हणायचा.

मामी गेल्यापासून तो एकटा राहायचा आणि चहात पाव बुडवून दिवस काढायचा. आईच्या जिवाला ती एकच टोचणी होती. त्या वर्षी तिनं ठरवलं, दादाला निदान आठवडाभर ठेवून घ्यायचं आणि अंगावर थोडं मांस चढलं की मगच सोडायचं. त्यासाठी तिनं महिनाभर घरातली मोडतोड अगदी जपून ठेवली होती. करकरणारं मागचं दार, डुगडुगणारं स्टूल, न लागणारी कपाटाची कडी, काडी बाहेर आलेली छत्री. कुणी हात लावायचा नाही.

हे बाबांना सांगायचं मात्र ती विसरली.

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. मामा दरवर्षी त्यांना चिडवायचा, "भाऊजी, नकाशातली नदी वळवाल, पण खिळा सरळ जाणार नाही तुमच्याच्यानं." ते बाबांना फार लागायचं. मामा येणार होता त्या दिवशी आई आणि मी बाजारातून परत आलो, तर बाबा हातोडी घेऊन घामाघूम उभे.

"बस," त्यांनी आईपुढे स्टूल सरकवलं. "बघ हलतं का!"

आई बसली. स्टूल जागचं हललं नाही. ती रडायच्या बेतात आली.

"दार, कडी, छत्री, सगळं केलंय. आता बोलू दे तुझ्या दादाला!"

आईनं घड्याळाकडे पाहिलं. बस पाचला यायची होती. "अहो, तुम्ही आत्ताच निघा. हल्ली बस लवकर येते म्हणे."

"तीन वाजलेत अजून!"

"म्हणूनच."

बाबा वळणापलीकडे दिसेनासे झाले आणि आईनं पदर खोचला. पेचकस सापडेना, म्हणून स्वयंपाकघरातली सांडशी आणि उलथनं घेऊन आम्ही मायलेकी कामाला लागलो. मी बिजागरीचे स्क्रू सैल केले, आईनं स्टुलाचा खिळा उपटला. तोडायची परवानगी आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. माझा हात थांबेना.

"आई, स्टोव्हची पिन वाकवू?"

"कार्टे, मग त्याला चहा काय उन्हात ठेवून देऊ?"

मामा आला, स्टुलावर टेकला आणि स्टुलासकट कलंडला. उठला तो हसतच. "कुणी केलं हे?"

"मी. आजच," बाबा गोंधळून म्हणाले.

"तुम्ही होय? मग बरोबर आहे."

मागचं दार उघडायला गेला, तर बिजागरी हातात आली. "हेही आजच?" बाबांचा चेहरा बघवेना. आई मान खाली घालून भाजी निवडत राहिली. त्यात निवडण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. दोन दिवस मामानं हौसेनं काम केलं, पोटभर जेवला आणि बाबांना मनसोक्त बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी जमिनीवर पडलेला जुना स्क्रू उचलला. त्यावर सांडशीच्या दातांचे वळ होते. त्यांनी सांडशी आणून जुळवून पाहिली आणि आईकडे बघितलं. आता घरात आभाळ कोसळणार म्हणून मी दाराआड झाले. पण आई हळूच एवढंच म्हणाली, "तिकडे तो पावावर राहतो हो." बाबांनी सांडशी नेऊन जागेवर ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामानं धुतलेले सदरे घड्या घालून पिशवीत भरले. आई चहा गाळत होती. तेवढ्यात बाबा अंगणातून आले.

"दादा, हापसा बंद पडलाय. मला काही ते जमणार नाही."

आईच्या हातातली गाळणी कपात पडली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण हे वाक्य तिनं त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मामानं हापशाचा दांडा दोनदा ओढला. नुसती हवा. वरचं झाकण उघडून आत डोकावला आणि मग मान वर करून बाबांकडे बघत राहिला. बाबांच्या सदऱ्याच्या खिशावर ओला, गोल डाग पसरत होता. खिसा फुगलेला होता.

"वॉशर पार झिजून नाहीसा झालाय," मामा गंभीरपणे म्हणाला. "नवा मागवावा लागेल."

"किती दिवस लागतील?" बाबांनी तितक्याच गंभीरपणे विचारलं.

"ते काय आपल्या हातात असतं, भाऊजी?"

मामाचं मन फिरायच्या आत आईनं त्याच्या पिशवीतले सगळे सदरे काढले आणि बादलीत बुचकळले.

"अगं, घरात तेवढंच पाणी होतं!" बाबा ओरडले.

मग काय, आठवडाभर शेजारच्या काकूंकडून पाणी वाहायचं काम माझ्याकडे आलं. "एवढा फिटर मामा घरात असून हापसा बंद?" काकूंनी विचारलं.

"फार मोठं काम आहे," मी म्हटलं आणि दोन्ही कळशा उचलल्या.