पलंगाचे पाय ड्रमकीलमध्ये

साम्राज्यं येतात आणि जातात, राजे मातीला मिळतात. पण क्लूनबारा गेलिक फुटबॉल क्लबाचं नाव काळाच्या छातीवर कायमचं कोरलेलं राहील.

शताब्दीच्या पुस्तकाचं हे पहिलं वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं, कारण दुसरं सुचेना. शंभर वर्षांत आम्ही एकच कप जिंकलो होतो. १९६२ साली, शेजारच्या ड्रमकीलविरुद्ध, एका पॉइंटने. उरलेल्या वर्षांबद्दल लिहायचं तर निव्वळ हवामानाचा इतिहास झाला असता, कारण हरल्यावर आम्ही दर वेळी वाऱ्यालाच दोष दिला आहे.

तो पॉइंट कोलमन गेराटीचा. आता वय चौऱ्याऐंशी. शेवटच्या मिनिटाला, वाऱ्याच्या तोंडावर, उजव्या पायाने, पंचेचाळीस यार्डांवरून त्याने चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून पार केला. मी शाळामास्तर म्हणून गावात आलो तेव्हा हेच अंतर तीस यार्ड होतं. क्लबच्या काचेच्या कपाटात तीन वस्तू आहेत. तो कप, कोलमनचा उजवा बूट आणि त्या दिवशी गोलमागे दोन्ही क्लबांचे एकेक पंच उभे होते, त्यांतल्या आमच्या पंचाचा पांढरा कोट, रक्ताच्या डागासकट. ते रक्त त्याने क्लूनबारासाठी सांडलं, असं मी स्वतः चाळीस वर्षं पोरांना शिकवत आलो.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पॅरिशचा, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीचा, जुना नकाशा घालावा, ही अक्कल माझीच. आमच्याकडे माणूस सामन्याच्या आदल्या रात्री ज्या पॅरिशमध्ये झोपतो, त्या पॅरिशकडून खेळतो. पक्ष बदलता येतो, पब बदलता येतो, पॅरिश नाही. नकाशा होता ड्रमकीलच्या सेक्रेटरीकडे, अट्रॅक्टा लॅव्हिनकडे. ही खाटकाची मुलगी, पंचाहत्तरीची, आणि सबंध काउंटी तिला टरकून असते. एकदा आम्ही चुकून जिंकलेला सामना तिने रद्द करवला होता, कारण आमच्या खेळाडूंची यादी आयरिश बनावटीच्या कागदावर नव्हती.

नकाशा मागितला तर तिने निरोप पाठवला : "गुरुवारी दुपारी कोलमनच्या घरी या. टेप घेऊन या."

मी पोचलो तेव्हा ती दारातच उभी होती.

"बस, अट्रॅक्टा. चहा टाकतो," कोलमन म्हणाला.

"नको, आत्ताच झालाय."

"अर्धा कप?"

"नको रे बाबा."

"केतली चढवलीच आहे."

"बरं, एवढं म्हणतोस तर." आणि ती तीन कप चहा आणि हॅमची चार सँडविचेस संपवून कामाला लागली.

तिने नकाशा टेबलावर पसरला. कोलमनच्या घराभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ होतं.

"ही हद्द. ओढा होता इथे. तो बुजवून तुझ्या आजोबांनी घर बांधलं. स्वयंपाकघर क्लूनबारात, झोपायची खोली आमच्यात. म्हणजे आमचाच माणूस आमच्याविरुद्ध कप जिंकून बसलाय."

हिने हरकत नोंदवली की कप गेला, पुस्तक गेलं, आणि पबमध्ये कोलमनसाठी खिडकीजवळ राखून ठेवलेली खुर्चीही गेली. त्या खुर्चीत बिशपलासुद्धा बसू दिलेलं नाही.

"मी त्या रात्री खोलीत झोपलोच नव्हतो," कोलमन म्हणाला. "बाबांना हद्द ठाऊक होती. त्यांनी पलंग ओढून स्वयंपाकघरात आणला."

"देवाची कृपा!" मी म्हणालो.

"पण पलंग आजीचा, मास्तर. जहाजाएवढा. दारात अडकला. ना आत, ना बाहेर. मला तसाच झोपवला."

"डोकं कुठे होतं?" अट्रॅक्टाने विचारलं.

"चुलीकडे. ऊब होती."

"आणि पाय?"

कोलमनने कपात पाहिलं. "ड्रमकीलमध्ये."

पलंगाच्या पायांचे ओरखडे फरशीवर अजून होते. अट्रॅक्टाने टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, ती गुडघ्यावर बसली आणि मोजून उठली.

"उंबरठा बरोबर कमरेखाली येतो. वरचा भाग तुमचा, खालचा आमचा. आता सांग, पॉइंट कशाने मारलास?"

कोलमनने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मास्तर, तुम्ही जरा बाहेर जाता का?"

"नाही," मी म्हणालो.

"मुठीने," तो म्हणाला.

"काय?"

"दुसऱ्याच कुणीतरी मारलेला चेंडू दांडीला आपटून परत आला. मी खालीच उभा होतो. मुठीने वरून ढकलला. तीन यार्ड. फार तर चार. मुठीचाही पॉइंट धरतात, मास्तर, नियमात आहे."

"मग ते पंचेचाळीस यार्ड?"

"मी कधी म्हणालो? लोक म्हणाले. मी फक्त नाही म्हणालो नाही."

"आणि बूट?"

"बूट खरा आहे. पायात होता."

"झोपताना हात कुठे होते?" अट्रॅक्टा टेप गुंडाळत म्हणाली.

"डोक्याखाली."

"दोन्ही?"

"दोन्ही."

म्हणजे कप वाचला होता. त्रेसष्ट वर्षं सांभाळलेला पाय म्हाताऱ्याने एका शब्दात देऊन टाकला होता, आणि आता तो स्वतःच्याच खुर्चीत पाहुण्यासारखा बसला होता.

"पबमधली खुर्ची ठेवतील ना हो, मास्तर?"

"कप आहे तोवर खुर्ची आहे," मी म्हणालो.

अट्रॅक्टाने नकाशाची घडी घातली. "मूठ होती हे मला माहीत होतं. माझे बाबाही त्या दिवशी त्याच गोलमागे पंच होते. ड्रमकीलचं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. तुझ्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, बस."

"मग तू हरकत नोंदवणार नाहीस?" मी विचारलं.

"ज्याचे दोन्ही पाय आमचे, त्याने आम्हांला तीन यार्डांवरून मुठीने हरवलं, हे मी काउंटीला लेखी कळवू? वेडी आहे का मी? छापा तुमचे पंचेचाळीस यार्ड. आमचीही इज्जत राहते."

कोलमन ताठ बसला. मला पुस्तकाचं दुसरं वाक्य सुचलं. मी खिशातलं पेनही काढलं.

अट्रॅक्टा दारात थांबली. "तेवढं एक काम करा. त्या दिवशी तुमच्या पंचाकडे पांढरा कोट नव्हता. बाबांनी दुकानातला दिला होता. तुमच्या कपाटात टांगलाय तो. परत द्या."

"आणि... ते रक्त?"

"कोकराचं. आदल्या शनिवारचं. धुऊन पाठवा, मास्तर. आणि पाणी गार घ्या, गरम घेतलंत तर डाग बसतो."